अकरा घरजावई

त्सेरमांगच्या ज्या झुडपांना फळ धरत नाही, त्यांना आमच्या लारमो गावातल्या बायका घरजावई म्हणतात. माती खातो, पाणी पितो, जागा अडवतो आणि देत काही नाही, म्हणून घरजावई. मी स्वतः या गावात घरजावई होऊन आलो त्याला यंदा वीस वर्षं झाली, तेव्हा हा विनोद माझ्या वाट्याला जरा जास्तच आलेला आहे. सप्टेंबरअखेर फळं झोडायला बायका जमल्या की गावाची आजी, आबी यांगदोल, एखाद्या रिकाम्या झुडपावर काठी आपटायची आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारायची, "ग्यालसन, हा तुझा धाकटा का रे?"

मी म्हणायचो, "धाकटा नाही, थोरला. आणि तो नसता तर तुझ्या चादरीत एक दाणा पडला नसता."

बायका हसायच्या. त्यांना वाटायचं मी स्वतःची बाजू घेतोय. मी झाडांबद्दलच बोलत असायचो.

त्सेरमांगमध्ये नर वेगळा आणि मादी वेगळी. नारिंगी, आंबट, वाटाण्याएवढी फळं फक्त मादीला येतात. नराला वसंतात पानांच्या आधी बारीक पिवळी फुलं येतात, वारा त्यांची भुकटी उडवून मादीवर नेतो आणि नराचं काम संपतं. पुढे वर्षभर तो नुसता काटे घेऊन उभा. हे मला माझ्या सासऱ्यांनी शिकवलं, अमची मुरुप यांनी. अमची म्हणजे वैद्य, आजूबाजूच्या पाच गावांचे.

अमचींना एकच मुलगा, थिन्लेस. तो सात वर्षांचा असताना त्यांनी त्याला गोम्पाला, म्हणजे मठाला, दिला आणि गोम्पाने पुढे शिकायला दूर दक्षिणेत पाठवला. मागे राहिली मुलगी चोरोल. घर चालवायला पुरुष हवा म्हणून नदीपलीकडच्या गावातून मला आणलं. मी तिथल्या घरातला तिसरा मुलगा, म्हणजे नसल्यात जमा. एक बोचकं, एक घोंगडी आणि आईने दिलेला तांब्याचा पेला एवढं घेऊन मी पूल ओलांडला.

अमचींनी मला नाडी शिकवली नाही, पोथी शिकवली नाही. ते रक्ताच्या माणसाला. पण झाड शिकवलं. फळं पहाटे झोडायची, थंडीने ती टणक झालेली असतात आणि काठीच्या एका फटक्याला सुटतात. फांदी कधी कापायची नाही, पुढच्या सालाचं फळ त्याच फांदीवर असतं. रस कापडातून गाळून तांब्याच्या भांड्यात मंद आचेवर दोन दिवस आटवला की काळं, चिकट चाटण होतं. छातीतला कफ, जुना खोकला, बाळंतिणीचं अंगावरचं जाणं, आतड्याची जखम, सगळ्याला तेच. बियांचं तेल भाजल्या कातडीला. पाला शेळ्यांना. आणि नुसता रस बाटलीत भरून ठेवला तर आमच्याकडच्या हिवाळ्यात, जिथे माणसाच्या मिशा गोठतात, तिथेही तो गोठत नाही. मार्चमध्ये गावात हिरवं पानही दिसत नाही, तेव्हा पोरांच्या हिरड्यांतून रक्त येऊ नये म्हणून आम्ही तोच देतो.

लग्नानंतरच्या तिसऱ्या हिवाळ्यात अमची मला झुडपांत घेऊन गेले. तेव्हाच त्यांच्या डोळ्यांवर पांढरट पडदा धरायला लागला होता. त्यांनी माझा हातमोजा काढला, माझा अंगठा धरला आणि एका फांदीच्या कळीवर ठेवला.

"जाड, फुगलेली, खवल्यांवर खवले. हा नर." मग शेजारच्या झुडपावर. "बारीक, दोन पाकळ्यांत मिटलेली. ही मादी. हिवाळ्यात पान नाही, फळ नाही, डोळ्याला सगळे काटे सारखेच. अंगठ्याला कळतं." मग म्हणाले, "हे मी कोणाला सांगितलेलं नाही. तुला सांगतोय, कारण तू माझा मुलगा आहेस."

माझ्या सख्ख्या बापाने मला कधी मुलगा म्हणून हाक मारल्याचं आठवत नाही. त्या एका वाक्यावर मी पुढची पंधरा वर्षं त्या घरात राबलो, आणि खोटं कशाला बोलू, आनंदाने राबलो.

आमच्या गावाचा जुना ठराव आहे. श्योक नदीच्या काठची पडीक जमीन जो बारा हंगाम फळती ठेवील, त्याच्या नावावर ती करायची. मधे लागोपाठ दोन हंगाम ती रिकामी गेली, तर जमीन गावाकडे परत, मग गाव ठरवील त्याला. मी खडकाच्या सोंडेपलीकडचा तुकडा मागितला. तिथे नुसते गोटे आणि वाळू. लोक म्हणाले, घरजावयाला ऊन लागलंय. मी ओढ्यातून पाट काढला, भिंत घातली आणि त्सेरमांग लावली, कारण वाळूत दुसरं काही जगतच नाही. तिच्या मुळांना गाठी येतात आणि त्या गाठी मातीला खाऊ घालतात. सहाव्या वर्षी झुडपांखालची वाळू काळी पडायला लागली. आठव्या वर्षी भिंतीच्या आतल्या बाजूला मी मूठभर सातू टाकून पाहिले, ते माझ्या गुडघ्यापर्यंत आले. पूर आला तेव्हा वरच्या गावाची शेतं वाहून गेली, माझ्या काठाचा एक दगड हलला नाही.

शंभरावर माद्या आणि अकरा नर. आमच्याकडे वसंतात रोज दुपारी वारा खोऱ्याच्या खालून वर वाहतो, म्हणून नर मी खालच्या दोन ओळींत पेरले होते, एक इथे, एक तिथे, माद्यांच्या मधे मधे. माझ्या तुकड्याच्या खाली नदी आणि गोटे. गावातली बाकीची सगळी झुडपं वरच्या अंगाला, त्यांची भुकटी माझ्याकडे यायचा प्रश्नच नव्हता. माझं बन त्या अकरांवर उभं होतं.

दहा हंगाम झाले. दोन राहिले होते. जगात माझ्या नावावर म्हणण्यासारखी दुसरी गोष्ट नव्हती. तांब्याचा पेलासुद्धा एव्हाना घरच्या फळीवर गेला होता.

त्या वर्षी नोव्हेंबरात थिन्लेस परत आला. चीवर उतरवून, जीन पँट घालून, चौतिसाव्या वर्षी. गोम्पात मन रमत नाही म्हणाला. अमची त्याच्या चेहऱ्यावरून हात फिरवत बसले, कान, नाक, हनुवटी, पुन्हा कान. त्यांना आता उजेड-अंधारापलीकडे काही दिसत नव्हतं. चोरोल रडत होती. मीही रडलो. तो चांगला माणूस आहे, आजही सांगतो. मऊ हातांचा, हळू बोलणारा. गावातल्या कामाचं त्याला काही कळत नव्हतं आणि ते तो लपवत नव्हता.

आमच्याकडे चुलीपाशी बसायची ओळ ठरलेली असते. चुलीजवळ घरातला थोरला, मग त्याच्या खालचा, असं दारापर्यंत. सोळा वर्षं मी अमचींच्या लगत बसत आलो होतो. थिन्लेस आला त्या संध्याकाळी तो दाराजवळ बसायला गेला. अमचींनी नुसती शेजारच्या गालिच्यावर थाप मारली. मला कोणी सरक म्हटलं नाही. मीच सरकलो.

डिसेंबरात मी दर वर्षीसारखा फौजेच्या वरच्या चौक्यांवर सामान वाहायला गेलो. तीन महिने. मार्चमध्ये परतलो, घरी बोचकंही न उतरवता आधी बनाकडे गेलो, तर खालच्या दोन ओळींत दात पडल्यासारख्या फटी. अकराच्या अकरा नर गेले होते.

घरी येऊन मी काय बोललो ते मला नीट आठवत नाही. चोरोल म्हणाली की गावाच्या शेळ्यांच्या वाड्याला काटेरी कुंपण घालायचं ठरलं, घरटी दोन भारे काटे मागितले, थिन्लेसने तोडून दिले. "जी फळत नाहीत तीच तोडली," ती म्हणाली, आणि माझ्याकडे न पाहता चहा घुसळत राहिली. थिन्लेस तेव्हा घरात नव्हता. अमचींनी कपाळ बडवून घेतलं. "मी अंथरुणाला खिळलो होतो रे. पोराला काय ठाऊक? घरजावई, घरजावई म्हणतात म्हणून तोडले असतील. माझ्या चुकीने गेले तुझे नर." त्यांच्या आंधळ्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

मी त्यांचे हात धरले. म्हटलं, आबा-ले, चूक कोणाकडूनही होते. मीच त्यांची समजूत घातली. हे आठवलं की आजही माझं मलाच हसू येतं, आणि ते हसू चांगलं नसतं.

त्या हंगामात शंभर झुडपांवर मिळून पसाभर फळं आली. बायका काठ्या घेऊन आल्या आणि उभ्याच राहिल्या. आबी यांगदोलने हा तुझा धाकटा का, असं विचारलं नाही. गावचा गोबा, म्हणजे मुखिया, पालजोर भिंतीवर बसून बन पाहत म्हणाला की हे वर्ष रिकामं धरावं लागेल. पुढचंही असंच गेलं तर त्याच्या हातात काही नाही, ठराव सगळ्यांना सारखा. कापलेल्या बुंध्यांतून फुटवे येत होते, पण फुटव्याला फूल यायला तीन वर्षं लागतात हे मला माहीत होतं. त्या हिवाळ्यात मी चौक्यांवर गेलो नाही. काय करायचं ते सुचत नव्हतं, पण बनापासून लांब जाववत नव्हतं.

एप्रिलच्या सुरुवातीला बर्फ विरघळलं आणि मी खालच्या ओळींतली वाळू उपसायला बसलो, फुटव्यांना मोकळं करायला. पान अजून आलेलं नव्हतं. फुटव्याच्या शेजारची फांदी नराची की मादीची हे मला कळेना, म्हणून सवयीने हातमोजा काढला आणि अंगठा कळीवर ठेवला. मादी. आणि तिथेच माझा हात थांबला.

थिन्लेस नोव्हेंबरात आला. फळं तेव्हा झोडून झाली होती, उरलेली पाखरांनी संपवली होती. त्याने हे बन फळलेलं कधी पाहिलंच नव्हतं. त्याने तोडलं ते भर हिवाळ्यात, जेव्हा सोळा वर्षं इथे राबलेल्या मलासुद्धा हात लावल्याशिवाय सांगता येत नाही. काटे तोडायला आलेला माणूस कडेचं झुडूप तोडतो, मग त्याच्या शेजारचं, आणि भारा भरला की निघतो. हा एक इथला, एक तिथला, माद्या वगळून नेमके अकरा तोडून गेला होता. एकही मादी चुकून गेली नव्हती. हे वर्षभर माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि मला दिसलं नाही, कारण मला ते बघायचंच नव्हतं.

मी सगळे बुंधे उपसले. चार बुंध्यांवर, जमिनीपासून वीतभर उंचीवर, दोरा बांधलेला होता. शेळीच्या केसांचा, काळा-पांढरा, दुपदरी, डाव्या हाताचा पीळ. अमचींच्या उजव्या हाताची बोटं घोड्यावरून पडल्यापासून वळत नाहीत. ते दिवसभर उन्हात बसून डाव्या हाताने चातीवर सूत काढतात. अख्ख्या लारमोत उलट्या पिळाचा दोरा एकाच माणसाचा.

घरी गेलो तेव्हा दुपारच्या चहाची वेळ होती. अमची चुलीजवळ, त्यांच्या लगत थिन्लेस, चोरोल चुलीशी. मी माझ्या जागेवर बसलो नाही. अमचींसमोर बसलो आणि ते चार दोरे त्यांच्या तळहातावर ठेवले. त्यांनी बोटांनी एकदा चोळून पाहिलं. ओळखायला त्यांना तेवढं पुरलं. दोरे त्यांनी मुठीत धरले.

थिन्लेस म्हणाला, "हे त्या झुडपांवरचे ना? आबांनी सांगितलं होतं, दोरा असेल ते तोड. मला वाटलं, तूच जाताना सांगून गेलायस. नंतर आबा म्हणाले, दोरे त्यांच्याच हातून चुकीच्या झुडपांना बांधले गेले, तुला बोलू नको." मग त्याने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, बापाच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि त्याच्या हातातला पेला खाली गेला. त्याला काही ठाऊक नव्हतं. एवढं तरी माझ्या नशिबात चांगलं निघालं.

मी अमचींना विचारलं, "का, आबा-ले?"

त्यांनी लपवाछपवी केली नाही. म्हातारा माणूस, वैद्य माणूस. रोग्याला सांगतात तसं शांतपणे सांगितलं. "पोरगा परत आला. त्याच्या हाताला काही नाही, ना विद्या, ना शेत. तुझ्या नावावर जमीन झाली की तू वेगळा होणार. जमीन गावाकडे गेली तर मी पालजोरकडून थिन्लेससाठी मागून घेईन. फुटव्यांना तीन वर्षांत फूल येईल. झाड मरत नाही, ग्यालसन. मी मारलं नाही. मी फक्त थांबवलं."

"तुम्ही मला मुलगा म्हणाला होतात."

"तेव्हा होतास," ते म्हणाले.

केसाने गळा कापणं म्हणतात ते काय असतं हे मला त्या दोन शब्दांत कळलं. मी ओरडलो नाही. मी नुसता त्या माणसाच्या अंगठ्याकडे पाहत बसलो. त्याच अंगठ्याने एकेक फांदी चाचपून, माझे अकरा नर एकेक करून शोधून काढले होते. मला दिलेली गोष्ट माझ्याच विरुद्ध वापरली होती. एवढ्या थंडीत, हातमोजा काढून.

आणि मग मला ओढा आठवला.

घरापासून बनाकडे जाताना ओढ्यावर दोन ओंडके टाकलेले आहेत. हिवाळ्यात त्यांच्यावर बर्फाचा थर असतो, डोळस माणूसही बसून सरकत जातो. गेली पाच वर्षं अमचींना पलीकडे न्यायचं असलं की मी पुढे चालायचो आणि त्यांचा हात माझ्या हातात असायचा. एकट्याने ते त्या ओंडक्यांवर पाऊल ठेवू शकत नव्हते. मी थिन्लेसला विचारलं, बांधायला यांना तू घेऊन गेलास का? तो म्हणाला, "नाही, मी दुसऱ्या दिवशी गेलो. दोरे आधीच बांधलेले होते."

चुलीवरच्या भांड्यात पळी फिरत होती ती थांबली.

"मी नेलं," चोरोल म्हणाली.

तिची पाठ माझ्याकडे होती. मी म्हटलं, इकडे बघून बोल. ती वळली.

"मी नेलं त्यांना, हात धरून. थंडी फार होती. त्यांच्या अंगात तुझा जाड गोंचा घातला." तिने पळी खाली ठेवली. "आबांनी मला विचारलं, घर हवं की नवरा? मी म्हटलं, दोन्ही हवं. ते म्हणाले, मग जमीन जाऊ दे, म्हणजे दोन्ही राहील. जमीन नसली की तो कुठे जाणार?"

"मी कुठे जाणार होतो, चोरोल? जमीन असती तरी?"

"वेगळं घर बांधलं असतंस."

"तुझ्यासाठी बांधलं असतं."

"हे तू आज म्हणतोयस," ती म्हणाली. "आपल्यात कधी बोलणं झालं होतं का?"

झालं नव्हतं, ते खरं. मला वाटायचं बोलायची गरज नाही. अठरा वर्षं आम्ही एका पांघरुणात झोपलो. ती रडली असती तर कदाचित मी विरघळलो असतो. पण ती रडली नाही, तिने चुलीत दोन शेणी सरकवल्या. तिला आपलं काही चुकलं असं वाटतच नव्हतं. तिने घर सांभाळलं होतं. माझा गोंचा त्या दिवशी तिने खुंटीवरून काढला, बापाच्या अंगात घातला, गुंड्या लावल्या, कंबरेला पट्टा बांधला. हे सगळं तिने कोणत्या हातांनी केलं असेल हा विचार मी आजवर शेकडो वेळा केला आहे.

मी उठलो. दुसऱ्या दिवशी सकाळी पूल ओलांडून माझ्या जन्मगावी गेलो. तिथल्या ओढ्याकाठी त्सेरमांगचं रान आहे. दहा दिवस मी भावाच्या गोठ्यात झोपलो आणि रोज नरांच्या कळ्या बघत राहिलो. फुटायला आल्या तेव्हा कळीदार फांद्यांचे चार भारे बांधले, ओल्या पोत्यात गुंडाळले आणि गाढवावर घालून आणले. माझ्या बनाच्या खालच्या भिंतीवर तेलाचे रिकामे डबे ओळीने मांडले, पाणी भरलं, फांद्या उभ्या केल्या. वारा येण्याआधी मी भिंतीला टेकून बसायचो. दुपार झाली की तो खालून यायचा, फांद्या हलायच्या आणि पिवळी भुकटी धुरासारखी माझ्या डोक्यावरून माद्यांवर जायची. सात दिवस मी डब्यांत पाणी बदललं. आबी यांगदोल एकदा पाहायला आली. डब्यांकडे, माझ्याकडे, पिवळ्या झालेल्या माझ्या टोपीकडे बघत म्हणाली, "भाड्याने आणलेस का घरजावई?" तिला खरं काय झालंय ते कळलं होतं, गावात सगळ्यांनाच कळलं होतं. जाताना ती भिंतीवर खोलाकचा, भाजल्या सातूच्या पिठाचा, गोळा ठेवून गेली.

त्या सप्टेंबरात फांद्या वाकल्या. पालजोरने हंगाम धरला. पुढच्या वर्षी पुन्हा डबे मांडले, पुन्हा फळ आलं, आणि बारा पूर्ण झाले. जमीन आता माझ्या नावावर आहे. तिथे मी एक खोली बांधली आहे, चूल आहे, एक गालिचा आहे, बसायची ओळ नाही. चोरोलला ज्याची भीती होती तेच झालं, फक्त त्या खोलीत ती नाही. काडीमोड वगैरे काही झाला नाही. ती सणाला थुक्पा आणून देते, भांडं घेऊन जाते. आम्ही पाण्याबद्दल बोलतो, शेळ्यांबद्दल बोलतो. फळं झोडायला इतर बायकांबरोबर तीही येते आणि तिच्या वाट्याची घेऊन जाते.

चाटण मी अजून करतो. पहिल्या वर्षी बरणी थिन्लेसच्या हाती पाठवली. दुसऱ्या वर्षी अमचींनी त्याच्यापाशी निरोप दिला की रस जरा जास्त आटलाय. माणूस तसाच आहे. खोकला त्यांचा आहे, झाड माझं आहे, त्या दोघांचं काही भांडण नाही म्हणून मी देतो. मी मात्र त्यांच्यासमोर जाऊन बसलेलो नाही.

आमची मुलगी ल्हाझेस लेहला शिकते. सतरा वर्षांची आहे, शेतीचं पुढे शिकायचं म्हणते. या जानेवारीत सुट्टीला आली आणि एका सकाळी माझ्या खोलीवर आली. घरात काय घडलं ते तिला ठाऊक आहे, पण ती कोणाची बाजू घेत नाही, दोन्हीकडे जेवते, माझ्याकडे आणि तिच्या मेमेंकडे, म्हणजे आजोबांकडे. बनात जाऊ या म्हणाली. बर्फ घोट्यापर्यंत होतं. बुंध्यांचे फुटवे आता माझ्या छातीपर्यंत आलेत, आणि माद्यांच्या मुळांतूनही जागोजागी नवे फुटवे निघालेत. सगळं इतकं मिसळलंय की बघून काही कळत नाही.

ती म्हणाली, "आबा, मेमे सांगत होते, तुम्हाला नुसत्या अंगठ्याने कळतं कुठला नर ते. त्यांनी तुम्हालाच शिकवलंय म्हणाले. मला दाखवा ना."

तिने स्वतःच हातमोजा काढून हात पुढे केला. मी तिचा अंगठा धरला. लहान होती तेव्हा हाच अंगठा तोंडात घालून ती माझ्या मांडीवर झोपायची. मी तो समोरच्या फांदीवर, कळीवर ठेवला. जाड, फुगलेली, खवल्यांवर खवले. नर होता. यंदा त्याला फूल येणार होतं.

"काय कळतं यात?" तिने विचारलं.

मी तोंड उघडलं. वाक्य जिभेवर तयार होतं, अमचींनी मला दिलं होतं तसंच्या तसं, 'कारण तू माझी मुलगी आहेस' या शेवटच्या शब्दांपर्यंत. ते मला उच्चारताच येईना.

"काही नाही," मी म्हटलं. "म्हातारे सांगतात काहीतरी. लाकूड आहे नुसतं."

मग मी तिचा हातमोजा परत चढवला आणि आम्ही निघालो. ओढ्यावरच्या ओंडक्यांवर बर्फ होतं. तिने मागून माझा हात धरला. मी धरू दिला, आणि पलीकडे पोहोचल्यावर सोडवून घेतला.